दुभाषी मॅडम

"पस्तीस वर्षांत मन्ही गाडी कोनी अडाई नही," असं लोटन आबा त्या सकाळीही बायकोला सांगून निघाले. भडगावजवळच्या गावाहून धुळ्याला, देवपुरात, लेकीकडे भरिताची वांगी पोचवायची होती. दर पंधरवड्याचा नेम होता.

पारोळ्यापुढचा एकेक खड्डा आबांना पाठ होता. इथे डावीकडे, तिथे उजवीकडे. खड्डे महिन्यापूर्वीच बुजवले होते, पण आबांच्या डोक्यातले बुजले नव्हते. गुळगुळीत रस्त्यावर त्यांची जीप नागासारखी वळवळत गेली आणि धुळ्याच्या अलीकडे नाकाबंदीत अडकली.

साहेब कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी दारू तपासायचं नळीचं यंत्र पुढे धरलं. "फुंका."

आबांनी जन्मात कुणाच्या भांड्याला ओठ लावला नव्हता. तांब्यातलं पाणीही ते वरून प्यायचे. त्यांनी वीतभर लांबून फुंकर मारली.

"तोंड लावा."

"दुसरानी उष्टी नळी तोंडले कशी लावू?"

साहेबांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, 'चाचणीस नकार', लायसन्स काढून घेतलं आणि आबांना चौकीत आणलं.

हवालदार रूपचंद धुळ्याचाच. तो म्हणाला, "साहेब, मी सांगतो ना त्यांना."

"तू पोलीस. उद्या कोर्टात म्हणतील, आम्हीच वदवून घेतलं. त्यांना त्यांच्या भाषेत कळायला हवं. बाहेरचा दुभाषी आण."

आबांनी रूपचंदला बाजूला घेऊन खिशातून एक नंबर काढून दिला.

सारिकाला शाळेत रूपचंदचा फोन आला. "मॅडम, एक खेड्यातले आबा आहेत. अहिराणी बोलतात. दुभाषी म्हणून याल?" ती साडी सावरत पोचली, तर बाकावर वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन आबा.

ती दारातच थबकली. आबा उठले, हात जोडले.

"नमस्कार, मॅडम."

गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात ती त्यांच्या कानात म्हणाली होती, आबा, इथे अहिराणी बोलू नका. आबांनी ते लक्षात ठेवलं होतं.

'हे माझे वडील' एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "नमस्कार, बसा."

"त्यांना समजावून सांगा," साहेब म्हणाले.

सारिका खाकरली आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "आबा, नळी प्रत्येकाला नवी देतात. उष्टी नसते. तोंड लावून फुंका."

साहेब चकित झाले. "अहो, मराठीतच मीही बोललो होतो."

"आते समजनं, मॅडम," आबा घाईने म्हणाले आणि फुंकले. यंत्रावर शून्य. रूपचंदने खाली मान घालून मिशीवरून हात फिरवला.

कागदावर 'दुभाषी' लिहून तिने सही केली. 'चालकाशी नातं' हा रकाना कोराच सोडला. आबांनी वांगी तिच्या हातात दिली, "ऱ्हाऊ द्या, मॅडम," म्हणाले आणि गेले. लायसन्स टेबलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते म्हशीचं दूध काढायला बसले, ते उठलेच नाहीत. सारिकाने अजून भरीत केलेलं नव्हतं. वांगी फ्रिजमध्येच होती.

तेरावं झाल्यावर रूपचंदचा फोन आला. ती चौकीत गेली, तेव्हा त्याने आबांचं लायसन्स तिच्या हातात ठेवलं. फोटोत आबा काळे केस विंचरून बसले होते.

"ऐकलं मॅडम. वाईट झालं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नंबर देतानाच बोलले," रूपचंद हळू आवाजात म्हणाला, "ती मन्ही आंडेर शे, माझी लेक. पन तिले मॅडमच म्हना, चार लोकांत बरं दिखत नही."

साहेबांनी पोचवही सरकवली. "सही करा. आणि नातं लिहा, मागच्या वेळी राहिलंय. कोण होते हे तुमचे?"

पेन हातात राहिलं. चौकीत सहा-सात माणसं होती, त्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडीलही होते.

"मन्हा बाप व्हता," सारिका म्हणाली.

साहेबांनी रूपचंदकडे पाहिलं. रूपचंदने बोटाने सारिकाकडेच दाखवलं.

तिने आवाज चढवून परत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मन्हा बाप व्हता, साहेब. मी त्यास्नी आंडेर शे."