तात्या कंपाउंडर जाड नव्हता

शालिग्राम भोयर यांनी सकाळच्या हिंदी पेपरात ती बातमी वाचली आणि चहात बुडवलेला टोस्ट चहातच राहिला. 'उन्हातली खुर्ची' या कादंबरीवर मराठी सिनेमा निघत होता, आणि त्याचं शूटिंग रायपुरात, पुरानी बस्तीत होणार होतं. कादंबरीतलं गाव विदर्भातलं. पण त्या गावात आता सगळीकडे फ्लॅट उभे राहिलेत, आणि हवी तशी कवेलूची कौलारू घरं नि ओटे दिग्दर्शकाला पुरानी बस्तीत सापडले, असं पेपरात होतं.

शालिग्राम रायपुरातच रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी हे पुस्तक नागपूरहून आणलं आणि तेव्हापासून ते त्याची पारायणं करत होते. समता कॉलोनीतल्या प्रत्येक मराठी घरात जाऊन त्यांनी ते वाचायला सांगितलं होतं. मात्र कोणी ते खरंच वाचलं आणि आवडलं म्हणून सांगितलं, की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. एकदा घरी आलेल्या एका पाहुणीने हेच आपलं सर्वांत लाडकं पुस्तक असल्याचं सांगितलं. शालिग्रामांनी तिला पुस्तकातल्या डॉक्टरांच्या अंगणातल्या गाईचा रंग विचारला. तो तिला आठवला नाही, तेव्हा कुठे त्यांना जेवण गोड लागलं.

या पुस्तकातला तात्या कंपाउंडर हा त्यांचा जीव की प्राण. गावच्या दवाखान्यात औषधं कालवणारा, काडीसारखा बारीक, अबोल माणूस. रोज खोकल्याचं औषध न्यायला येणाऱ्या मास्तरीणबाईंवर त्याचं मन बसलेलं असतं, पण तो कधी बोलत नाही. बाई गाव सोडून जातात त्या दिवशी तो बसजवळ येतो आणि एवढंच म्हणतो, "औषध संपलं असेल, पण बाटली ठेवा." शालिग्रामही अंगाने बारीक होते. अबोलही होते, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. तात्या म्हणजे आपणच, ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

सिनेमावाल्यांनी काही घोळ घालण्याआधी त्यांना गाठायला हवं होतं. म्हणून पुस्तक पिशवीत घालून ते शेजारच्या नत्थू मेश्रामकडे गेले, कारण स्कूटर नत्थूची होती. नत्थू उरला इंडस्ट्रियल एरियातल्या रोलिंग मिलमधून फोरमन म्हणून रिटायर झालेला. देह भरदार, टक्कल चकचकीत आणि मिशा अशा की मिलमधली पोट्टी त्यांनाच सलाम ठोकायची. वर्षानुवर्षं दोघं सकाळी सोबत फिरायला जात. नत्थूनेही ते पुस्तक एकदा नेलं होतं आणि आठवड्याने परत केलं होतं. "चांगलं आहे. अक्षर लय बारीक आहे," एवढंच तो म्हणाला, आणि शालिग्रामांना त्याच्यापासून काही धोका वाटला नाही.

पुरानी बस्तीच्या गल्लीत देवश्री नावाची पुण्याची एक मुलगी सगळ्यांवर देखरेख करत होती. ती दिग्दर्शकाची साहाय्यक. शालिग्रामांनी तिला पुस्तकातल्या खुर्चीचा हात कुठल्या बाजूने मोडका आहे इथपासून सांगायला सुरुवात केली. ती मान डोलवत होती, पण तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे जात होती. मागे एका ओट्यावर बसून नत्थू शेंगा फोडून खात होता. टरफलं खाली पडू नयेत म्हणून तो ती शर्टाच्या खिशात ठेवत होता.

"काका, तुमच्यासोबत आलेले ते कोण?" देवश्रीने विचारलं.

झालं होतं असं, की तात्याचं काम करणारा मुंबईचा नट आजारी पडून परत गेला होता. दिग्दर्शक दोन दिवसांपासून नवा चेहरा शोधत होते. त्यांनी नत्थूला दुरून बघितलं, मग जवळून बघितलं आणि खिशातली टरफलं बघून तर ते हरखूनच गेले. शालिग्रामांनी घाईघाईने पुस्तक उघडून दाखवलं.

"हे पाहा ना बेटा, इथं लिहिलं आहे. तात्या काडीसारखा बारीक. तात्या जाड नव्हता."

"हो काका, पण आमचा तात्या असा आहे," देवश्री गोड आवाजात म्हणाली.

नत्थूला यातलं काही कळलं नव्हतं. कामात एकच वाक्य आहे म्हटल्यावर तो तयार झाला. परत येताना स्कूटरवर त्याने विचारलं, "हा तात्या म्हणजे तोच ना, गोळ्यावाला?" मागे बसलेल्या शालिग्रामांनी पुस्तकाची पिशवी छातीशी घट्ट धरली.

दोन दिवसांत कॉलोनीला बातमी कळली. ज्यांनी शालिग्रामांच्या आग्रहाला न जुमानता ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं, ते लोक आता नत्थूला थांबवून तात्याविषयी विचारू लागले. दूधवाला भैय्यालाल नत्थूच्या घरी साय सोडून जाऊ लागला. हेही शालिग्रामांनी सोसलं असतं. पण एका सकाळी त्यांच्या पत्नी मंदाकिनी डबा भरताना दिसल्या. नत्थूभाऊजींना शूटिंगवरचं तेलकट सोसत नाही, म्हणून त्या त्यांच्यासाठी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी देत होत्या.

"मी रेल्वेत एवढी वर्षं डबा नेला. कधी जवसाची चटणी दिली नाही," शालिग्राम म्हणाले.

"तुम्ही मागितली नाही जी," मंदाकिनी म्हणाल्या आणि झाकण लावता लावता त्यांच्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "तुम्ही जळून राहिले."

"मी काहून जळू?"

मंदाकिनींनी डबा फडक्यात बांधला आणि वर एक लिंबू ठेवलं. हे शालिग्रामांना जास्त झोंबलं.

त्याच संध्याकाळी नत्थू त्यांच्याकडे आला. त्याला काळजी लागली होती. सेटवर कोणी तात्याबद्दल धड सांगत नाही, सगळे घाईत असतात, आणि पुस्तक तर तुला पाठ आहे, तेव्हा तात्या कसा चालतो, कसा बघतो ते सांग, असं त्याचं म्हणणं होतं. शालिग्रामांना एकदम वाट दिसली. नत्थूने काम इतकं वाईट केलं की त्याला काढून टाकलं, तर निदान तात्या तरी वाचेल. त्यांनी त्याला खोटंच सांगितलं की तात्या बाईंकडे कधीच बघत नाही. बाई समोर आल्या की तो आपल्या चपलांकडे बघतो आणि तसाच उभा राहतो, खांबासारखा.

दुसऱ्या दिवशी नत्थू सबंध दृश्यभर चपलांकडे बघत उभा राहिला. शालिग्राम गर्दीत उभे राहून हकालपट्टीची वाट बघत होते. दिग्दर्शक खुर्चीतून उठले आणि त्यांनी नत्थूला मिठी मारली. अंगात प्रेम दाटलेला माणूस असाच उभा राहतो, असं ते सगळ्या युनिटला सांगत होते. दुपार व्हायच्या आत त्यांनी तात्याची दृश्यं वाढवून टाकली.

शालिग्रामांना घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आता मोठा उपाय करावा लागणार होता. त्यांनी नत्थूला सांगितलं, की पुस्तकात तात्याला मिशा नाहीत. हे खरंच होतं. अर्धं शूटिंग झाल्यावर मिशा काढल्या तर सगळं केलेलं वाया जाईल, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. नत्थूने मिशांवरून एकदा हात फिरवला. मिलमध्ये भट्टीच्या झळा खाऊनही त्याने त्या जपल्या होत्या.

"पक्कं ना?" त्याने विचारलं.

"पक्कं," शालिग्राम म्हणाले.

नत्थू त्याच पावली न्हाव्याकडे गेला. घरी त्याच्या बायकोने, सरिताने, दार उघडलं आणि कोणाला भेटायचं आहे असं विचारलं, इतका तो वेगळा दिसत होता. सकाळी सेटवर खरोखरच हाहाकार झाला. देवश्री डोक्याला हात लावून बसली. दिग्दर्शक मात्र ओट्यावर जाऊन विचार करू लागले आणि चहा संपायच्या आत त्यांना सुचलं: बाई जाणार हे कळतं त्या रात्री तात्या दुःखाने मिशा उतरवतो. युनिटमधल्या दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. हे लगेच चित्रित झालं, आणि त्यासाठी नत्थूला खोट्या मिशा लावून त्या पुन्हा काढाव्या लागल्या.

"पुस्तकात नाही हे," शालिग्राम गर्दीत पुटपुटले. शेजारी उभी असलेली बस्तीतली एक बाई त्यांच्यावरच डाफरली, "भैया, चुप रहो ना. देखने दो."

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी नत्थूने सहज सांगितलं, की उद्या बसचं दृश्य आहे आणि ते बाटलीचं वाक्य काढून टाकलंय. तात्या काहीच बोलणार नाही. त्याचं चपलांकडे बघणंच पुरेसं आहे, असं दिग्दर्शक साहेबांचं मत आहे. नत्थूला बरंच वाटत होतं, पाठांतर वाचलं होतं.

शालिग्रामांची रात्र तळमळत गेली. तो माणूस सबंध पुस्तकभर एका वाक्यासाठी जगला होता. ते वाक्यही आता त्याला मिळणार नव्हतं, आणि या सगळ्याला आपण शिकवलेल्या चपला कारणीभूत होत्या. सकाळी ते कोणाला न सांगता ई-रिक्षाने पुरानी बस्तीत गेले.

गल्लीच्या तोंडाशी जुनी बस उभी होती. मास्तरीणबाई खिडकीत बसल्या होत्या. नत्थू खाली मान घालून उभा होता. त्याचं भादरलेलं, उघडं पडलेलं तोंड शालिग्रामांना बघवेना. बस हलली. बाईंनी वळून बघितलं. नत्थू गप्प. बस आणखी पुढे गेली, आणि शालिग्राम गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीखालून वाकून कधी पुढे धावले ते त्यांनाही कळलं नाही. एका पायातली चप्पल मागेच राहिली. बसमागे हात पसरून ते ओरडले, "औषध संपलं असेल, पण बाटली ठेवा. बाई, बाटली तरी ठेवा."

नत्थूने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग युनिटमधली दोन तगडी पोट्टी आली आणि "चलो दादाजी, चलो" म्हणत त्यांनी शालिग्रामांना दंडाला धरून बाहेर नेलं. कोणीतरी मागून चप्पल आणून दिली.

दुपारी नत्थू त्यांच्या घरी आला आणि दारातच उभा राहिला. तो रागावलेला नव्हता. त्याने चपलांचं आणि मिशांचं काही विचारलंही नाही.

"तुले तात्या पाहिजे होता तर मले सांगायचं, शालिग्राम," तो म्हणाला. "मी देऊन टाकला असता."

नत्थू पाणीही न पिता गेला. त्यानंतर सकाळचं फिरणं बंद झालं. नत्थू तळ्याकडे जायचा, शालिग्राम उलट्या बाजूला. मध्ये एकदा देवश्रीचा फोन आला. त्या दिवसाचं काहीतरी वापरायचं आहे, तुमची हरकत नाही ना, असं ती विचारत होती. शालिग्रामांना वाटलं, दोरीखालून घुसल्याबद्दल ही आता कारवाई करणार. काय करायचं ते करा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि पुढे बरेच दिवस बेल वाजली की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

काही महिन्यांनी सिनेमा लागला तो रविवारी सकाळच्या एकाच खेळाला. सगळी कॉलोनी गेली. मंदाकिनी आणि सरिता शेजारी बसल्या, त्यामुळे त्यांच्या दोन्ही टोकांना नत्थू आणि शालिग्राम आले. शालिग्राम पहिल्या दृश्यापासून मनातल्या मनात चुका मोजत होते. पुस्तकातली तांबडी गाय पांढरी दाखवली होती. पण तात्या पडद्यावर आला, आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला, आणि त्यांना कबूल करावं लागलं की तो बारीक नसला तरी तात्याच होता.

शेवटी बस आली. बाईंनी वळून बघितलं. तात्याच्या तोंडून शब्द फुटेना. आणि गल्लीतून एक म्हातारा, केस विस्कटलेला, एका पायात चप्पल घातलेला, हात पसरून धावत आला. त्याचा चेहरा सबंध पडदाभर पसरला. तात्याला जे बोलता आलं नाही ते तो वेडा बोलून गेला, आणि तात्याने मान वर करून त्याच्याकडे अशा मायेने बघितलं, की थिएटरात हुंदके ऐकू येऊ लागले. पुढे नावं आली. 'गल्लीतला वेडा: शालिग्राम भोयर.' मंदाकिनींनी पदर डोळ्यांना लावला. शालिग्राम अंधारात सरळ बसून राहिले. त्यांना काय वाटत होतं ते त्यांनाच नीट सांगता आलं नसतं.

बाहेर लोक त्यांच्याभोवती जमले. कोणी हात मिळवले, कोणी फोटो काढले. एवढ्यात गर्दीतून एक चष्मेवाल्या बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात 'उन्हातली खुर्ची'ची जीर्ण प्रत होती आणि रागाने त्यांचा आवाज थरथरत होता.

"या पुस्तकात असा वेडा कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून वाचते मी हे. तुम्ही वाचलं तरी आहे का?"

शालिग्रामांनी त्या प्रतीकडे बघितलं, मग बाईंकडे. "बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा. सगळंच पुस्तकाबरहुकूम पाहिजे असं धरून बसलं तर कसं होईल?"

मंदाकिनी आणि सरिता रिक्षाने पुढे गेल्या. नत्थूने स्कूटर काढली आणि मागच्या सीटकडे नुसती मान हलवली. शालिग्राम बसले. इतक्या दिवसांनी मित्र पुन्हा नेतोय म्हणून त्यांना भरून आलं होतं. चपलांबद्दल, मिशांबद्दल, सगळ्याबद्दल माफी मागायची त्यांनी तयारी केली आणि नत्थूच्या खांद्यावर हात ठेवला.

"नत्थू, काही बोल ना गा."

पुन्हा वाढवलेल्या मिशांवरून नत्थूने एकदा हात फिरवला.

"एवढे दिवस उन्हात मी उभा राहिलो," तो म्हणाला. "अन् तोंड तुझं मोठं दाखवलं."

समता कॉलोनीपर्यंत त्यानंतर एकाही गतिरोधकावर नत्थूने ब्रेक दाबला नाही, आणि मागे शालिग्राम दर वेळी सीटवरून वीतभर उडाले.