आपोआप चालणारं घड्याळ

घड्याळजींनी स्वतःच्या हाताने एक घड्याळ तयार केलं होतं. ना सेल, ना चावी. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरायचं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जायची. त्या वजनात त्यांनी स्वतःचं डोकं चालवून काही सुधारणाही केली होती. त्या भरात ते फोनवर सासऱ्यांना म्हणाले, "एका सेकंदाचा फरक पडला तर दुकानाची पाटी उतरवीन!"

सासरे आजवर जावयाला 'दुरुस्तीवाला' म्हणत आले होते. "रविवारी आम्ही दोघं येतोच आहोत. रेडिओच्या ठोक्यांशी ताडून बघू."

गुरुवारी घड्याळ बंद पडलं.

कारण घड्याळजींना लगेच कळलं. दुकानात दिवसभर डोळ्याला भिंग, डावा हात टेबलावर. घरी आल्यावर तोच हात खुर्चीवर. 'शोध लावला तो हलणाऱ्या माणसांसाठी,' ते मनाशी म्हणाले, 'गिऱ्हाईक म्हणून निवडलं मात्र स्वतःला.' बायकोला सांगायची सोय नव्हती. नवरा घरात काडी हलवत नाही, याचा पुरावाच तिला मिळाला असता.

त्यांनी मुकाट्याने झाडू उचलला.

"बरं वाटत नाहीये का?" बायकोने घाबरून विचारलं.

"छे! अंग मोकळं करतोय."

सगळं घर झाडून झाल्यावर लक्षात आलं, झाडू उजव्या हातात होता आणि घड्याळाचा हात कमरेवर. मग भांडी घासली. पण पाणी जाईल म्हणून आधी घड्याळ काढून फळीवर ठेवलं. शुक्रवारपर्यंत घर लखलखीत झालं आणि घड्याळ जागचं हललं नाही. वैतागून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

रविवारी सासू-सासरे आले. सगळं कबूल करायचं ठरवून घड्याळजींनी ड्रॉवर उघडला, तर घड्याळ टिकटिक करत होतं! त्यांची छाती फुगली. रेडिओचा शेवटचा ठोका पडला आणि सेकंदकाटा बरोब्बर बारावर आला.

"मानलं, जावईबापू!" सासरे चक्क उभे राहिले. "मलाही एक करून द्या."

चहा देताना बायको कानाशी कुजबुजली, "ड्रॉवरमध्ये बंद दिसलं, म्हणून काल सकाळी रेडिओवर लावून मीच घातलं. धुणं वाळत घातलं, पडदे झाले, जळमटं झाली. आज गुपचूप परत ठेवलं."

घड्याळजींनी कप खाली ठेवला. "बाबांना सांगू नकोस गं."

"नाही सांगत. उद्यापासून झाडू डाव्या हाताने मारा."

एवढ्यात शेजारी बसलेल्या सासूबाई जावयाकडे वाकल्या आणि त्यांनी आपला हात हळूच पुढे धरला.

"यांच्यासाठी कराल ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा पट्टा माझ्या मापाचा करा."