जंतूंची माफी मागणारे गावकर सर

गावकर सर हात धुण्याआधी जंतूंची माफी मागत. "बाबांनो, रागार जावं नकात हां," म्हणत आणि मगच साबण लावत.

डिचोलीच्या आमच्या उच्च माध्यमिक शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. गोवा राज्य झालं ते वर्ष. शिक्षकांच्या खोलीत कोकणी की मराठी यावर टेबलं बडवली जायची. सर मात्र "जंतूक विचारा, तो खंयची भास उलयता?" म्हणून चहा प्यायचे.

मला त्यांचा मनस्वी हेवा वाटे. माझ्या तासाला मुलं जांभया देत. त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गाची मुलं दाराशी उभी राहून ऐकत.

एकदा मीही व्हरांड्यात रेंगाळलो. सर वर्गाच्या खिडकीत बसले होते. एक पाय बाहेर, एक आत.

"मी जंतूचं प्रथिन. ही भिंत म्हणजे त्याच्या पेशीचं आवरण. आवरण तेलकट. माझा मधला भागही तेलाशी जमवून घेणारा, म्हणून तो भिंतीत रुतून बसतो. दोन्ही टोकांना मात्र पाणी हवं. म्हणून एक बाहेर, एक आत. आता बाहेर साखर लागली!"

बाहेरचा पाय थरथरला, मागोमाग आतला. "आत निरोप गेला. चला, जेवण थंय आसा!"

वर्ग हसून लोळला. उतरताना खिळ्यात अडकून सरांची पँट टर्रकन फाटली, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी फाटली असती तर वर्षभर चिडवलं असतं.

त्या दिवशी जेवताना त्याच वर्गात असलेल्या माझ्याच मुलीने पावाच्या उंड्यात कुलेर, म्हणजे चमचा, आरपार खुपसून आईला तो सगळा धडा समजावला. वर मला म्हणाली, "बाबा, तुम्ही का नाही असं शिकवत?"

पुढच्या सुट्टीला मी कारापूरला सरांच्या घरी गेलो. निमित्त पुस्तकाचं. खरं तर हा माणूस एवढी तयारी करतो कधी, ते बघायचं होतं.

सर ओसरीवरच्या बलकांवात बसून वडिलांना पेज भरवत होते. मला पाहून हळूच म्हणाले, "ओळखत नाहीत हल्ली मला. गावचा मास्तर समजतात."

म्हाताऱ्यांनी घोट गिळला. "मास्तर, तुमी बरे, रोज येतात. माझो पूतय मास्तर. पूण घरा येना."

सरांनी त्यांची हनुवटी पुसली.

"येतलो. आयताराक येतलो."

तो रविवारच होता.