बाहेर उणे चाळीस

गाडीतला एक आकडा दुरुस्त करायचा, एवढंच निरीक्षकांनी शनिवारी सकाळी चहा घेताना ठरवलं होतं.

आकडा बाहेरच्या तापमानाचा. स्टिअरिंगमागच्या पट्टीत, अगदी कोपऱ्यात. फाटकाशी उभी असलेली गाडी चालू केली की तो सेहेचाळीस दाखवायचा, आणि दाराच्या चौकटीवरचा थर्मामीटर म्हणायचा चौतीस. बारा अंशांचा फरक! निरीक्षकांनी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली होती. दहा ग्रॅमनं खोट्या काट्यालाही त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती. (त्यांच्या निवृत्तीचा आनंद खात्यापेक्षा बाजारात जास्त झाला, असं म्हणतात.) त्यांच्याच दारात बारा अंशांची लबाडी चालावी, हे त्यांना झेपेना.

गाडी खरं तर पत्नीची. ती चालवायची, आणि हे शेजारी बसून तिचं आणि त्या आकड्याचं कुठे चुकतं ते पाहायचे. तिला जाऊन अकरा महिने झाले होते. आता चालवणं आणि चुका काढणं ही दोन्ही कामं त्यांच्या एकट्याच्या अंगावर आली होती, आणि दुसऱ्या कामाचा उरक जास्त होता. फाटकाच्या खांबाला दोनदा लागून झालं होतं. तिसऱ्यांदा खांबच गेला.

म्हणूनच मुलीचा फोन आला होता. "बाबा, रविवारी मी येतेय. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही न्यायचं. मी मागे बसून बघणार. नीट चालवलीत तर गाडी तुमच्याकडे राहील. नाहीतर गाडी मी नेणार, आणि तुम्हालाही."

मुलीच्या घरातली 'बाबांची खोली' निरीक्षकांनी पाहिली होती. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, कपडे वाळत घातलेली व्यायामाची सायकल होती आणि उरलेल्या जागेत पलंग होता. असा माणूस शनिवारी काय करेल? गाडी धुवेल, हवा तपासेल, लवकर झोपेल. निरीक्षकांनी मेकॅनिकला फोन लावला.

"साहेब, बिघाड नाहीये तो," मेकॅनिक म्हणाला. "सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे असतो. गाडी उभी असली की रस्त्याची धग, रेडिएटरची धग, सगळी त्याच्यावर. पळायला लागली की वारा लागतो, मग खरं सांगतो. गाडीलाही ते ठाऊक असतं. म्हणून आकडा खाली पटकन येतो, पण वर न्यायचा तर आधी थोडा वेळ पळून खात्री करून घेते."

"म्हणजे उभं असताना खोटं बोलायची परवानगी आहे त्याला?"

"आता तुम्ही असं म्हटल्यावर... आणि बंद करून लगेच चालू केलीत तर आधीचाच आकडा दाखवेल. दोन-तीन तासांनी मात्र विसरते."

"विसरते?"

"विसरते, साहेब. यंत्रच ते."

निरीक्षकांनी फोन ठेवला. मग त्यांनी फ्रीजमधला सगळा बर्फ एका पातेल्यात काढला.

बर्फाच्या पाण्यात शून्य आलं पाहिजे, ही कसोटी त्यांनी आयुष्यभर घेतली होती. प्रश्न एवढाच होता की सेन्सर पातेल्यापर्यंत येत नव्हता, म्हणून पातेलं सेन्सरपर्यंत न्यावं लागलं, आणि पाठोपाठ स्वतः निरीक्षकांना. बंपरखाली उताणं पडून त्यांनी सेन्सर बुडवला, बाहेर येऊन आकडा पाहिला. शून्य! मग कोमट पाण्यात बुडवला. आकडा शून्यावरून हलेना. गाडी पळाल्याशिवाय तो हलणार नाही, हे तासाभरापूर्वीच मेकॅनिकनं सांगितलं होतं. पण मेकॅनिककडे सरकारी प्रमाणपत्र नव्हतं. निरीक्षकांनी सेन्सरला जरा दरडावून ओढलं. वायरचा प्लग हातात आला. तो त्यांनी परत खोचला, बसला असं गृहीत धरलं आणि पातेलं धुवायला घेतलं.

रविवारी सकाळी सासूबाई पुढे बसल्या. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू, जीभ शाबूत. मुलगी मागे. पहिली दहा मिनिटं दृष्ट लागावी अशी गेली. मग एक खड्डा आला, आणि आकडा झाला उणे चाळीस.

पाठोपाठ बर्फाच्या फुलाचं चित्र उजळलं. रस्ता निसरडा असू शकतो, जपून चालवा, असा त्याचा अर्थ. गाडीला बिचारीला थंडी वाजली. आतली हवा तीच आपोआप सांभाळायची; तिनं एसी बंद केला आणि हीटर पूर्ण ताकदीनं सोडला.

"जावईबापू, हे काय सुटलंय?" सासूबाईंनी पदर सारखा केला. "तव्यासमोर बसल्यासारखं वाटतंय."

"बाबा, एसी लावा."

"लावलेलाच आहे. गाडीच्या मते बाहेर उणे चाळीस आहे."

"बाहेर लोक छत्र्या धरून चाललेत उन्हाच्या! बंद करा ते. आणि माझ्या बाजूची काच का उघडत नाहीये?"

"मी लॉक केल्यात. बाहेरची हवा आत आली की गोंधळ होतो. हे बघ, एका वाचनावर यंत्राला दोषी ठरवता येत नाही. एकेक किलोमीटरवर अशी तीन वाचनं घ्यायची. नियम आहे."

"कोणाचा?"

"खात्याचा."

"बाबा, तुम्ही रिटायर झालाय!"

"नियम झालेला नाही."

पहिलं वाचन: उणे चाळीस. मुलीनं चुका टिपायला आणलेल्या वहीनं वारा घ्यायला सुरुवात केली. दुसरं वाचन: उणे चाळीस. सासूबाईंचा चष्मा घामानं नाकावरून घसरला. तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला आणि समोर बघत, आवाज न चढवता म्हणाल्या,

"तेव्हाही तुम्ही तीनदाच मोजलं होतंत."



पत्नी म्हणाली होती, मला बरं वाटत नाहीये, आतून कसंतरी होतंय. निरीक्षकांनी थर्मामीटर लावला होता. तासातासानं, तीन वेळा. तिन्ही वेळा नव्व्याण्णव. थर्मामीटर उत्तम होता, त्यांनी स्वतः तपासलेला. नव्व्याण्णवला कोणी दवाखान्यात धावत नाही, असं ते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा धावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निरीक्षकांनी हीटर बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि गाडी कडेला उभी केली. तिसरं वाचन राहिलं.

मुलगी उतरली. मेकॅनिकला फोन करून तिनं विचारलं, बंपरखाली हात घातला, आणि प्लग टक्कन बसला. सगळा मिळून दीड मिनिटाचा कारभार. खिडकीशी येऊन ती कपाळ पुसत म्हणाली, "बाबा, शेवटची संधी. दवाखाना येईपर्यंत त्या आकड्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. काढलंत तर किल्ली माझी. कबूल?"

"कबूल."

इंजिन तापलेलं, गाडी उभी, ऊन रणरणतं. प्लग निघाल्यानं गाडी मागचं सगळं विसरली होती. आकडा दाखवत होता त्रेचाळीस.

"किती आहे हो बाहेर?" सासूबाईंनी विचारलं.

निरीक्षकांनी मागे पाहिलं. उत्तर द्यायला हरकत नाही, अशी मुलीनं खूण केली. एकतीस वर्षांची नोकरी गिळून ते म्हणाले, "त्रेचाळीस."

"काहीतरीच! गाडी उभी आहे ना? मग जास्तच दाखवणार तो. नऊ-दहा वजा करा. माझी पोर रोज फोनवर तसंच सांगायची. आकडा त्रेचाळीस आहे आई, म्हणजे तेहेतीस समज."

गाडी सुरू झाली. सिग्नलला थांबल्यावर निरीक्षकांनी विचारलं,

"ती वजा करायची?"

"न करून काय? दहा वर्षं तुम्ही तिला तेच शिकवत होतात."

"पण मला तर रोज मोठ्यानं वाचून दाखवायची. बापरे, त्रेचाळीस! मग मी समजावून सांगायचो की तो आकडा जास्त दाखवतो. रोज."

"माहीत होतं तिला. तुम्ही एरवी बोलायचा नाहीत ना गाडीत," सासूबाई म्हणाल्या. "काहीतरी विषय हवा म्हणून वाचायची."

 अशा वेळी माणसानं गप्प बसावं, रस्त्याकडे बघावं. निरीक्षकांनी खाकरून घेतलं.

"दहाच असं नाही, सासूबाई. ते वेगावर अवलंबून आहे. म्हणजे बघा, सेन्सर असतो बंपरच्या मागे..."

मग ते थांबलेच नाहीत. रस्त्याची धग झाली, रेडिएटरची झाली, वारा झाला. आकडा उतरतो पटकन आणि चढतो सावकाश, ते का, हेही झालं. सासूबाई "हो का?" म्हणत होत्या. मुलगी एकदाही मध्ये बोलली नाही. आरशात तिचे डोळे लाल दिसत होते, पण ते हीटरमुळेही असेल.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "दवाखाना दोन चौक मागे राहिला."

त्यांनी गाडी थांबवली, किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि मागे जाऊन बसले.

मागच्या सीटवरून तो आकडा दिसत नाही. निरीक्षकांनी दोनदा मान लांब करून पाहिली, तेव्हा मुलगी आरशातून म्हणाली, "बाबा, पट्टा लावा."