गार हातांचा जावई

जेसोप सुयांना भितो, हे त्याने सरळ सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मुलीच्या घरी पहिल्यांदा जाताना खरं कोण बोलतं? हेइनने वाटेतच बजावलं होतं, "हातात सुया टोचून दुखणी बरी करण्यावर आईचा फार जीव. सुईला नाक मुरडणाऱ्याला ती जावई करून घेणार नाही."

झालं! कोरियातल्या जॉन्जू शहरातल्या त्या घरात बूट काढता काढताच जेसोप बोलून गेला, "काकू, सुयांची मला लहानपणापासून सवय आहे." (लस टोचायच्या दिवशी तो शाळेच्या संडासात दडून बसायचा. तीच काय ती सवय.)

काकू खूश झाल्या. आग्रह करकरून त्यांनी त्याला तीळ भरलेले तांदळाचे उंडे खाऊ घातले. काका मात्र चहाचा गरम पेला दोन्ही हातांत धरून मुकाट बसले होते.

काकू म्हणाल्या, "हात बघू तुझा. अगं बाई, केवढा गार! पोरा, हात गार म्हणजे पोटात जेवण अडकलंय."

"नाही हो काकू, मजेत आहे मी."

"लाजतोस काय? तोंड खोटं बोलेल, हात नाही बोलणार."

हे ऐकून जेसोपला दरदरून घाम फुटला.

"घामही गार! आता नुसता अंगठा टोचून भागायचं नाही, दहाही बोटं टोचायला हवीत. हेइन, दोरा आण!"

काकूंनी त्याचा दंड खालपर्यंत रगडला, अंगठ्याला दोरा करकचून आवळला आणि सुई आपल्या केसांवरून फिरवली. "हातात अख्खा माणूस असतो बरं. मधलं बोट म्हणजे डोकं, तळवा म्हणजे पोट." जेसोपच्या हातातला अख्खा माणूस तेव्हा दाराकडे पळत सुटला होता. खरं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण हेइन इतक्या कौतुकाने बघत होती, की ते पुन्हा मिटलं. सुई खाली आली. भिंतीला टेकून बसल्या जागीच त्याची शुद्ध हरपली.

डोळे उघडले तेव्हा दहाही बोटांवर कापूस होता.

"काय पोरगा आहे!" काकूंनी त्याची पाठ थोपटली. "डोळे मिटून देवासारखा बसला. हूं नाही की चूं नाही. हेइन, माझा होकार आहे गं!"

लग्न ठरलं, आणि जेसोपला मान वर करवेना. बेशुद्ध पडण्याबद्दल शाबासकी मिळालेला जॉन्जूतला तो पहिलाच वीर असावा. आता तरी बोलावं! "काकू, खरं म्हणजे मी..."

"कळलं, कळलं. येत्या रविवारी आमच्या मंडळात बायकांना सुया शिकवायच्यात. हात तुझे!"

जेसोपचे हात पुन्हा बर्फ झाले. काकू सुया धरायचा चिमटा आणायला आत वळल्या, तसा काकांनी आपला पेला हळूच त्याच्याकडे सरकवला आणि दिवसभरातलं पहिलं वाक्य बोलले, "धर. माझा संसार यावरच चाललाय."

जेसोपने पेल्याला घट्ट मिठी मारली. चहा केव्हाच निवला होता.

आतून आवाज आला, "हेइन, दोरा कुठे ठेवलास गं? जावयाचा हात पुन्हा बघते."