प्रशिक्षकांचा कडेकोट बंदोबस्त

"अहो, आता दार उघडायचं कसं?" बायकोनं तिसऱ्यांदा विचारलं आणि राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांनी तिसऱ्यांदा छताकडे पाहिलं.

अडीच वाजले होते. सामना चारला. गेल्या नऊ सामन्यांत संघानं फक्त दोन गोल खाल्ले होते आणि केला एकही नव्हता. प्रशिक्षक पहिला आकडा छाती फुगवून सांगत. संघटनेचे अध्यक्ष दुसराच धरून बसले होते. "आज जिंकला नाहीत तर उद्यापासून घरी बसा," असं त्यांनी स्वच्छ सुनावलं होतं. नवऱ्याला धास्ती नोकरीची, बायकोला त्या 'घरी बसा'ची. मागे पंधरा दिवसांच्या सुट्टीत या माणसानं दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी दोघींना उभं केलं होतं. एक ती, दुसऱ्या सासूबाई.

आजचा घोळही त्याच डोक्यातला. सासूबाई बेल वाजली की दार उघडतात आणि बातमीदाराला चहा पाजून संघाचे डाव सांगून टाकतात. म्हणून सकाळी त्यानं सहायकाला बजावलं, "बाहेरून कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडेच ठेव. दोनला मला न्यायला ये." पण त्याचाच जुना हुकूम होता की, बारानंतर कोणी मैदान सोडायचं नाही आणि सगळ्यांचे फोन पेटीत. सहायकानं दोन्ही हुकमांतला जास्त सावध तो पाळला आणि किल्लीसकट मैदानावरच राहिला.

बायकोनं मैदानाच्या फाटकावर फोन लावून नवऱ्याच्या हातात दिला. रखवालदार म्हणाला, "प्रशिक्षकांचा आवाज काढून कोणी बोललं तरी निरोप आत द्यायचा नाही. खुद्द प्रशिक्षकांनीच सांगितलंय."

"अरे, मीच तो!"

"असंच म्हणतील, हेही सांगितलंय."

शेवटी कुलूपवाला आला. बराच वेळ नुसतीच खडखड. मग दारापलीकडून आवाज आला, "साहेब, हा पोलादी पत्रा कोणी ठोकला?"

"मीच."

"मग संध्याकाळ धरून चाला."

चार वाजले. तिघं टीव्हीसमोर बसली. डावांचा कागद प्रशिक्षकांच्या खिशात, त्यामुळे मैदानावर कोणाला काही ठाऊकच नव्हतं. पोरं आपली पुढे पळत सुटली. दहाव्या मिनिटाला गोल!

"मागे या रे!" प्रशिक्षक किंचाळले. "मागे कोण आहे?"

"कुण्णी नाही," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

दुसरा गोल झाला तेव्हा प्रशिक्षकांनी डोळे मिटले. तिसऱ्याला उशीत तोंड खुपसलं.

"आपण जिंकतोय हो!" बायको वैतागली.

"जिंकतोय, पण कसं जिंकतोय ते बघ ना!"

तीन-शून्य. शिट्टी वाजली आणि फोनही. अध्यक्ष होते. "वहिनी, अभिनंदन! साहेबांची नोकरी आणखी तीन वर्षं पक्की."

बायकोचा जीव भांड्यात पडला.

"फक्त एक विनंती," अध्यक्ष हळूच म्हणाले. "ते घरीच होते असं कळलं. यापुढे सामन्याला, आणि जमलं तर सरावालाही, त्यांना असंच घरी ठेवाल का?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो उशीतून डोकं काढून नवा कागद घेत होता आणि सासूबाईंना म्हणत होता, "आई, तू जरा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहा."

"ठेवते," ती फोनमध्ये म्हणाली. "पण मैदानावर आम्हा दोघींसाठी काही काम निघेल का हो?"