येऊ घातलेल्या राजाची तयारी

कार्ल्सरूहेच्या आमच्या इमारतीच्या तळघरात, सायकली आणि जुन्या गाद्यांच्या मागे, खिळ्याला एक मुकुट टांगलेला असायचा. पत्र्याचा, सोनेरी रंग दिलेला, मागे स्क्रूसाठी भोकं पाडलेला. मुकुटाचे मालक होते आमचे हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे हेर क्रेमर. जर्मनमध्ये 'फ्राऊ' म्हणजे श्रीमती आणि 'हेर' म्हणजे श्रीमान. मराठीतला अर्थही त्यांना चपखल बसायचा. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत काच कोणी टाकली, हे त्यांना पिशवी न उघडता कळायचं.

मुकुट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, नाटकबिटकात काम करत असतील. विचारलं, तर त्यांनी आधी जिन्याकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हा गरुडासाठी आहे, फ्राऊ माने."

सत्तरीला आलेले हे गृहस्थ निवृत्तीपर्यंत एका सरकारी कचेरीत हाउसमाइस्टर होते. तिथल्या दारावरच्या पाटीवर देशाचं चिन्ह असलेला गरुड आहे. उद्या राजेशाही परत आली की सगळी चिन्हं बदलणार. नव्या पाट्या छापून यायला वेळ लागणार. तोवर गरुडाच्या डोक्यावर हा मुकुट चढवायचा! गरुडाच्या डोक्याचं माप घेऊन केला होता.

"म्हणजे तुम्हाला राजा हवाय?"

"मला? छे, छे! मला कशाला?" ते दचकलेच. "पण आला तर?"

'पण आला तर?' हे त्यांचं पालुपद. त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. ते मूळचे पूर्वेकडचे, झाक्सन प्रांतातले. लहानपणी गावात स्वस्तिकवाला गरुड पाहिला, तरुणपणी साम्यवादी पूर्व जर्मनीचा हातोडा आणि कंपास, म्हातारपणी हा बिनमुकुटाचा गरुड. "प्रत्येक वेळी लोक म्हणाले, आता हे कायमचं," ते बोटांवर मोजत सांगायचे. आणि पूर्वेच्या देशांकडे बघा, तिथे चिन्हांवर मुकुट परतसुद्धा आले. "राजा नाही, तरी मुकुट आला! सामान आधी येतं, फ्राऊ माने, माणूस मागून."

रेडिओ सतत चालू. बातम्या लागल्या की जिना पुसणं थांबायचं. निवडणुकीच्या आठवड्यात तर ते बूट घालूनच झोपतात, असं वरच्या मजल्यावरच्या बाई सांगायच्या.

आमच्या सांगलीत पूर्वी संस्थान होतं, हे मी एकदा सहज बोलून गेले. त्यांनी बादली खाली ठेवली.

"राजा गेला, तेव्हा पाट्या कोणी काढल्या?"

"असेल कोणीतरी शिपाई."

"त्याचं काय झालं?"

"काय होणार? पाटी काढून चहा प्यायला गेला असेल."

मी हसले. ते हसले नाहीत. "नक्की?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ माझ्याकडे असं बघत राहिले, की जणू मी त्यांना परलोकातली गोष्ट सांगितली.

मग दोन हजार सहाचा उन्हाळा आला आणि फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत भरला. आपल्याला खरं वाटणार नाही, पण तोपर्यंत या देशात घरावर झेंडा लावलेला मी पाहिला नव्हता. आता एका आठवड्यात गाड्या, खिडक्या, कुत्र्यांचे पट्टे, सगळं काळं-लाल-सोनेरी. रस्त्यातून घोळके ओरडत जायचे. खरं सांगते, कातडीच्या रंगाचं ओझं वागवणाऱ्या आम्हा लोकांनाही थोडी धाकधूक वाटायची. हेर क्रेमर मात्र पांढरेफटक पडले.

सामन्याच्या एका दुपारी ते आमच्या दारात उभे. गळ्यात टाय. माझ्या सहा वर्षांच्या ईराने बाल्कनीच्या कठड्याला झेंडा बांधला होता, तो त्यांना खालून दिसला होता.

"काढा तो. कृपा करा. फार लवकर लावलात."

"अहो, खेळ आहे. सामना संपला की काढू."

"गेनाऊ, अगदी बरोबर! सामना संपल्यावरच लावायचा असतो. कोण जिंकलं ते कळल्यावर."

ईरा मधे येऊन जर्मनमध्ये ठणकावून म्हणाली, "मी नाही काढणार!" मी तिला मराठीत दटावलं. पण क्रेमर तिच्याकडे बघत खुर्चीत बसले. पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरला.

"माझे वडील गावच्या राटहाउसचे हाउसमाइस्टर होते," ते म्हणाले. "नगरपालिकेचे. युद्ध संपत आलं होतं. अमेरिकन पलीकडच्या गावात पोचले, असं कळलं. बाबांनी सकाळीच शिडी लावून दारावरचा गरुड उतरवला. दुपारी आपलेच सैनिक माघार घेत गावातून आले. विचारलं, पाटी कोणी काढली?"

ईरा माझ्या मागे सरकली. तिला सगळं समजत होतं.

"बाबा म्हणाले, मी. माझंच काम आहे ते." क्रेमरनी पेला खाली ठेवला. "अमेरिकन दुसऱ्या दिवशी आले. एक दिवस थांबले असते बाबा, तर वाचले असते."

मी उठून बाल्कनीत गेले आणि झेंड्याची गाठ सोडायला लागले. ईरा रडायला लागली. तिचा आवाज ऐकून क्रेमर उठले आणि माझा हात बाजूला केला.

"राहू दे," ते म्हणाले. मग कष्टाने वाकून तिला म्हणाले, "हे बघ, कोणी विचारलं की झेंडा कोणी लावला, तर तू बोलायचं नाहीस. आईनेही नाही. हाउसमाइस्टरला विचारा, म्हणायचं."

खाली जाऊन त्यांनी दारासमोर खुर्ची टाकली आणि टाय सरळ करून बसले. आम्ही दोघी वरून बघत होतो. गावभर भोंगे वाजत होते. गालांवर पट्टे रंगवलेला एक आडदांड माणूस मित्रांबरोबर झुलत आला, वर बघून थांबला आणि ओरडला, "वा, झकास! कोणी लावलाय हा?"

हेर क्रेमर उठून उभे राहिले.

"मी," ते म्हणाले. "मी लावला."

तो माणूस अंगठा उंचावून हसत पुढे गेला. क्रेमर मात्र उभेच होते, पुढच्या प्रश्नाची वाट बघत.